बांडी पान्हा चोरते

बांडी पान्हा चोरायला लागली ती मनी घरात आल्यापासून, हे मामीने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण मनात पक्कं धरून ठेवलं होतं.

बांडी म्हणजे पांढऱ्यावर तपकिरी ठिगळं असलेली गाय. दुसरं वेत, अंग भरलेलं आणि स्वभाव इतका गरीब की धार काढताना मामी तिच्या पोटाला डोकं टेकून डुलकी काढायची. आता तीच गाय सकाळी मामी बादली घेऊन आत शिरली की कान मागे पाडायची, उगाच पाय बदलत राहायची, शेपूट मांड्यांत दाबून धरायची. वासरू सोडलं, त्याने ढुशा मारमारून कास लाल केली, तरी सड चिपाडासारखे कोरडे. संध्याकाळी मात्र बादली नेहमीसारखी भरायची. जे काही व्हायचं ते सकाळीच.

चार जनावरांतली तीन भाकड होती. उन्हाळा तोंडावर आला होता, माळावरचं गवत काडी काडी होऊन उडून चाललं होतं. घराचं सगळं बांडीच्या चार सडांवर टेकलेलं.

डेअरीवाल्याने किटली हातात घेऊन हलवली. "काय वहिनी, आज पाणी घालायचं विसरलात वाटतं?"

रांगेतले हसले.

"तुझ्या जिभेवर घालते, जरा मऊ पडेल," मामी म्हणाली. सगळे पुन्हा हसले, पण परतताना तिचे कान तापले होते. रिकामी किटली भरलेल्या किटलीपेक्षा जड लागते, हे तिला त्या आठवड्यात कळलं.

मनी ही मामीच्या नणंदेची मुलगी. वय आठ-नऊ, पण सहा वर्षांची वाटावी एवढीच चण. हिवाळ्याच्या अखेरीस नणंद तिला घेऊन आली तेव्हा नणंदेचं मनगट प्लॅस्टरमध्ये होतं आणि डोळ्याखाली हिरवट पिवळा डाग होता. "जिन्यावरून पडले," ती म्हणाली. कोणता जिना, असं कुणी विचारलं नाही. तिच्या घराला जिना नव्हता. प्लॅस्टर सुटल्यावर ती शहरात कपड्यांच्या कारखान्यात लागली. तिथे बायकांना राहायला खोल्या होत्या, पण पोरं चालत नव्हती. "थोडे दिवस सांभाळ गं वहिनी," म्हणून ती लेकीला ठेवून गेली. आई जाताना मनी रडली नाही. फाटकाच्या गजाला धरून उभी राहिली, आणि आईची गाडी दिसेनाशी झाली तशी आत येऊन भिंतीला पाठ लावून बसली.

मामीला पहिला संशय तिथेच आला. न रडणारं पोर तिने पाहिलं नव्हतं. तिची स्वतःची तान्ही, वर्ष-दीड वर्षाची, पाण्याचा पेला हातातून काढून घेतला तरी गल्ली डोक्यावर घ्यायची. ही मनी काही मागत नव्हती, कशाचा हट्ट करत नव्हती, कुणाशी खेळत नव्हती. पायांचा आवाज नाही. तुम्ही चुलीपाशी वाकलेलं असावं आणि मागे वळून बघावं तर ही उभी. किती वेळची उभी, देव जाणे. मनी हे नावही त्यावरूनच पडलं होतं.

"मांजराची जात," मामी म्हणायची. "दुधाच्या घरात मांजर कशाला पाळावं माणसाने?"

"उंदीर कमी होतील," सासरे म्हणायचे. त्यांना सगळे आबा म्हणत. दम्याने ते दिवसभर बाजेवर बसून असत आणि खोकल्यातून सवड मिळाली की कुणाची तरी टोपी उडवत.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली पावाचे तुकडे, मुंग्या लागलेले. "हे काय?" विचारलं तर मान खाली. सकाळी शाळेची वेळ झाली की पोटात दुखायचं. शाळा बुडाली की दुपारी दुखणं गायब. मास्तरीणबाई वाटेत भेटल्या तर म्हणाल्या, पोरगी वर्गात झोपते, हाक मारली की हात असा डोक्यावर घेते. केस विंचरायला बसवलं तर फणीत मूठभर केस. एकदा मामाच्या हातून पितळी पडली, मोठा आवाज झाला. मामा स्वतःच खो खो हसला. आणि मनी कुठे आहे म्हणून बघतात तर आबांच्या बाजेखाली, पाय पोटाशी घेऊन, डोळे सताड उघडे.

"अगं ये बाहेर, पितळीच पडली, आभाळ नाही," मामा म्हणाला. तो मोठ्या आवाजाचा, मऊ मनाचा माणूस. त्याचं हसणंसुद्धा दोन घरं पलीकडे ऐकू जायचं.

ती बाहेर आली ती सगळ्यांची जेवणं झाल्यावर.

समोरच्या घरातली शिंपीण मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "पोराच्या अंगात येतं ते कुठून तरी येतंच गं. बाप कसला आहे माहीत आहे ना? तुझ्या घरात तान्ही आहे. डोळे उघडे ठेव, एवढंच सांगते."

आणि बाप फोन करत होता. तो गवंडी होता, आवाज मात्र एखाद्या वाण्यासारखा गोड. माझी पोर मला द्या, मी तिची शाळा करीन, मी सुधारलोय, असं तो मामाला दर फोनला सांगायचा. मामाला नाही म्हणता यायचं नाही आणि हो म्हणता यायचं नाही. शेवटी एक दिवस हात धुता धुता त्याने बायकोला सांगितलं, "हे बघ. गोठा तुझ्या हातात, तान्ही तुझ्या कडेवर, घर तू ओढतेस. तुला झेपत नसेल तर पोरीला तिच्या बापाकडे पाठवू. झेपत असेल तर विषय संपला. तू म्हणशील तसं."

"म्हणजे वाईटपणा माझ्या माथी."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. बरं, बघते."

ती बघायला लागली. दूध रोज कमी येत होतं आणि सकाळीच कमी येत होतं. दुधाच्या धंद्यात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात त्याचा एकच अर्थ होतो: पहाटे कुणीतरी आधी येऊन धार काढून जातंय. मामीच्या आईने असाच एकदा चोर पकडला होता, तीच युक्ती मामीने काढली. संध्याकाळची धार झाल्यावर तिने पातेल्याच्या बुडाची काजळी खरवडली, तेलात कालवली आणि बांडीच्या चारी सडांना आणि कासेला चोपडली. कासेला हात लावणाऱ्याची बोटं काळी होणार, साधा हिशोब. वासरू पार दुसऱ्या टोकाला बांधलं.

सकाळी उजाडल्या उजाडल्या तिने सगळ्यांना अंगणात उभं केलं.

"हात दाखवा."

"लग्नात दाखवला होता, तेव्हा चालला," मामा म्हणाला.

"चेष्टा नको. दाखवा."

मामाचे तळवे शेणाचे, पण काळे नव्हते. आबांनी दोन्ही हात पुढे केले आणि वर जीभही दाखवली. मनीने हात पुढे केले. स्वच्छ. नखं चावून चावून मांसाला टेकलेली, पण स्वच्छ. मामीने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. उजव्या गालावर, कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, काजळीचा पट्टा होता.

"तोंड लावून पितेस?" मामीचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "वासरासारखी? घरात पेला भरून देते तो पुरत नाही?"

मामीने तिचं मनगट धरलं. मनगट थंडगार, आणि आत नाडी इतक्या जोरात उडत होती की धरलेल्या हाताला ती कळत होती. मामीचा दुसरा हात वर गेला. मारायचं तिच्या मनात नव्हतं, असं ती नंतर स्वतःला सांगत राहिली. पोरीने हात वर केले नाहीत, पळाली नाही, डोळेसुद्धा मिटले नाहीत. तशीच उभी राहिली आणि तिच्या पायांमधून मुताचा ओघळ उतरून पायाखालची माती भिजली.

मामीने हात खाली घेतला. आबा खोकायला लागले आणि बराच वेळ खोकत राहिले.

दुपारी मामाच्या फोनवरून मामीने गवंड्याला फोन केला. "घेऊन जा तुमची लेक," ती म्हणाली. "चोऱ्या करते. मला झेपत नाही." नणंदेला तिने कळवलं नाही. रविवारी फोन आला की सांगू, म्हणाली. रविवारी फोन आला आणि तिने फक्त हवापाण्याचं बोलून मामाच्या हातात दिला.

तेव्हापासून मनी मामीच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूने झोपायला लागली. उठायची तर मामीला ओलांडावं लागेल. पण बांडी दूध सोडेना. चोर कोंडला तरी चोरी चालूच, असा प्रकार. मामा म्हणाला, सुई टोचू, पान्हा फुटायची. त्यासाठी ढोरांचा डॉक्टर आला. फटफटीवरून उतरला, पायजम्याचे पाय वर खोचले आणि गाईभोवती फिरत राहिला. कास दाबली, सड पिळले, डोळे पाहिले.

"आजारी नाही ही."

"मग?"

त्याने मागचा पाय हलकेच बाजूला सारला आणि मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते, तिथे बोट दाखवलं. बारीक वळ होते. काही जुने, खपली धरलेले, दोन ताजे. मामीने एवढे दिवस धार काढली, पण ती डाव्या अंगाला बसायची. उजव्या मांडीच्या आत तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"कोण मारतं हिला?"

"आमच्या घरात जनावरावर हात कोणी उचलत नाही," मामा ताडकन म्हणाला.

"भिंत उचलत असेल मग." डॉक्टर हात धुवायला लागला. "घाबरलेल्या जनावराच्या रक्तात एक वेगळंच पाणी उतरतं. जीव वाचवायचं पाणी म्हणा. ते उतरलं की दुधाची वाट बंद. ती तुमचं दूध चोरत नाही, तिला सोडताच येत नाही. घटकाभराने ओसरतं ते, म्हणून संध्याकाळी बरी असते. पण रोज रोज भ्यालं की मग न मारतासुद्धा उतरायला लागतं. नुसता पायरव ऐकला तरी. चारा खाते, पण अंगी लागत नाही. केस झडतात. कोपऱ्यात तोंड करून उभी राहते."

"सुई?"

"टोचतो म्हणाल तर. दूध निघेल, भीती तशीच राहील. पुढल्या वेताला लाथ मारेल."

मामी गाईकडे बघत होती. सुई नको, म्हणाली.

मामाला वाटलं डेअरीच्या रांगेतला कुणीतरी जळफळाटाने करत असावा. त्याने गोठ्याच्या मागची कुंपणाची भोकं बुजवली. आबांना वाटलं मुलगाच करतो, कारण लहानपणी त्याने बैलाच्या शेपटीला डबा बांधला होता. मामीला मामावरच संशय आला. हसरा माणूस, राग कुठे काढतो? मग आबांवर आला. मग वाटलं, यांना तर उठून गोठ्यापर्यंत जायलाही दोनदा बसावं लागतं. शिंपिणीवरसुद्धा येऊन गेला. मनीवर मात्र आला नाही. ती चोर ठरली होती, आणि एका माणसाला एकच गुन्हा पुरे होतो.

गवंडी यायच्या दिवशी मामी पहाटे जागी झाली ती अंगावरून काहीतरी सरकल्यासारखं वाटून. भिंतीकडची जागा रिकामी होती. गादी अजून ऊब धरून होती. तान्हीला मामाच्या कुशीत सरकवून ती अनवाणी उठली. आज तोंड लावलेलीच धरते, असं म्हणत ती वैरणीच्या खोलीतून गेली. तिथल्या फळ्यांना फट होती.

फटफटायला लागलं होतं. गोठ्यात करडा उजेड. मनी बांडीच्या उजव्या अंगाला उभी होती, हातात दाव्याचा ओला तुकडा.

"माझ्याकडे बघून बोल," ती म्हणाली. आवाज पोरीचा होता, पण बोलणं पोरीचं नव्हतं. हळू, शांत, शब्द मोजून. "मी काय विचारलं? कुठे गेली होतीस?"

गाय पाय बदलत राहिली.

"हसतेस? माझ्यासमोर हसतेस?" आणि दावं सपकन बसलं, मांडीच्या आत, बरोबर त्याच जागी. गाय थरथरली, पण हंबरली नाही. "आवाज नको. शेजारी उठतील." पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. पोरीच्या तोंडावर राग नव्हता. पाढे म्हणताना असतं तसं तोंड होतं.

मग दावं गळून पडलं. मनी खाली बसली, गाईच्या पोटाखाली शिरली आणि कासेला गाल लावला. "लागलं का गं?" ती आता बारीक आवाजात म्हणत होती. "फार लागलं? आता नाही मारणार. गळ्याची शपथ. तूच असं करतेस ना, म्हणून मला करावं लागतं. उद्या तुला गवत आणीन. कुणाला सांगू नकोस हं." गाईच्या कासेवर ती गाल घासत होती, वर, खाली, वर, खाली.

मामीला आधी दया आली नाही. आधी तिला तान्ही आठवली. कितीदा ती तान्हीला या पोरीपाशी ठेवून शेणात हात घालायला गेली होती! ती मागे सरकली, घरात आली आणि झोपलेल्या तान्हीचे कपडे वर करून मांड्या, पोट, पाठ सगळं तपासलं. काही नव्हतं. पोर कुरकुरलं. मामा डोळे चोळत म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही. झोपा."

बरं झालं, आजच नेतोय, असं तिच्या मनात आलं. हेही आलं की ज्याचे शब्द आहेत तोच न्यायला येतोय. दोन्ही एकाच दमात आलं, आणि तिला कोणतं पुढे करावं ते कळेना. तिने चूल पेटवली. मनी आत आली, पाय धुतलेले, दारात उभी.

"मामी, भांडी घासू?"

"घास," मामी म्हणाली, तिच्याकडे न बघता.

गवंडी दुपारच्या आत आला. धुतलेला शर्ट, केसांना तेल, हातात फ्रॉकची पिशवी आणि आबांसाठी सुपारीचा डबा. आल्या आल्या आबांच्या पाया पडला. "आबा, चुकलो मी, तुमच्या लेकीचा गुन्हेगार आहे," म्हणाला, आणि आबांचे डोळे ओले झाले. मामाशी विटांबद्दल, वाळूबद्दल बोलला. बोलता बोलता डॉक्टरने सांगितलेलं मामाने त्याच्या कानावर घातलं. गोठ्याची भिंत बघून म्हणाला, पुढच्या वेळी येईन तेव्हा गिलावा करून देतो, माणसं नकोत, मी एकटा करीन. नखं स्वच्छ कापलेली होती.

आणि मनी! मनी बदलूनच गेली. कुणी न सांगता पाणी घेऊन आली. नवा फ्रॉक घालून आली. बापाच्या शेजारी बसली, तो हसला की हसली, तो थांबला की थांबली. मामाने विचारलं, "जायचं ना बाबांबरोबर?" तर चटकन मान हलवून "हो" म्हणाली.

"बघा," आबा म्हणाले. "पोर ते पोर. बापाची ओढ असतेच."

मामी ओट्यापाशी उभी राहून बघत होती. गेले कित्येक दिवस ती या पोरीच्या गप्प बसण्यावर संशय घेत होती. आज तिला तिच्या हसण्याचा संशय आला. बाजारात नवं जनावर घेताना अनुभवी माणूस लाथ मारणाऱ्याला भीत नाही. जे नको इतकं गरीब उभं राहतं, त्याचे कान बघतो.

"केस विंचरून देते तिचे," मामी म्हणाली. "असं पाठवायचं नाही. ये गं."

आतल्या खोलीत तिने मनीला गुडघ्यांत धरून बसवलं. फणी फिरवताना दुसरा हात पुढून घेऊन छातीवर टेकवला. फ्रॉकच्या नव्या कडक कापडाखाली काळीज असं धडधडत होतं की फणी धरलेला हातही हलायला लागला. मान घामाने भिजलेली, तळवे बर्फ. आणि समोरच्या आरशात पोरगी हसत होती. बाहेर बाप हसला की तिचे ओठ आपोआप वर जात होते, इथे, त्याला दिसत नसतानाही.

"मने," मामी हळूच म्हणाली, "जायचंय तुला?"

"हो."

"खरं सांग."

मनी आरशातून दाराकडे बघत म्हणाली, "तू मला चोर म्हणालीस ना. मग जायलाच पाहिजे."

मामीने फणी खाली ठेवली. वेणी अर्धीच राहिली. ती बाहेर आली, पदराला हात पुसले आणि उभ्या उभ्या म्हणाली, "दाजी, चहा प्या आणि निघा. मनी येणार नाही."

मामा तिच्याकडे बघत राहिला. गवंडी हसला. "वहिनी, चेष्टा करताय."

"नाही."

"तुम्हीच फोन केलात. चोरी करते म्हणालात. मी कामावरची सुट्टी टाकून आलोय."

"चूक झाली माझी. चोरी झालीच नव्हती."

"दूध जात नव्हतं?"

"जात नव्हतं. गाय सोडत नव्हती."

"का?" त्याचा आवाज खाली उतरला, मऊ झाला, आणि तो एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला. "माझ्याकडे बघून बोला, वहिनी. गाय दूध का सोडत नव्हती? डॉक्टर येऊन गेला म्हणे. कोणीतरी मारतं म्हणाला. कोण मारतं?" त्याने दाराकडे पाहिलं. दारात अर्ध्या वेणीची मनी उभी होती. ती हसत होती.

मामीला दिसलं की याला कळलंय, किंवा कळायला आलंय. आणि कळलं की हेच धरून तो तिला नेईल: बघा, तुमच्या तान्हीच्या जीवाला धोका, अशा पोरीला बापाचा धाकच हवा.

"मी मारत होते," मामी म्हणाली.

"काय?" मामा उठला.

"मी. दाव्याने. चारा नाही, पाणी नाही, तीन जनावरं भाकड, तान्ही रडतेय, राग कुठे काढू? तिच्यावर काढला. आणि आळ या पोरीवर घेतला." तिचं तोंड तापलं होतं, पण आवाज हलला नाही. "आता सांगितलं सगळ्यांसमोर. झालं समाधान? आता चहा प्या."

आबा तोंड उघडं ठेवून बघत होते. मामाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मामीने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. जणू तिला तो पहिल्यांदाच बघत होता. पण त्याने एक केलं. गवंड्याची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली. "घर ती सांभाळते," तो म्हणाला. नेहमीचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "ती म्हणेल तसं."

गवंडी पायरी उतरताना म्हणाला, "बाप आहे मी तिचा. कायद्याने येईन. गाईला मारणाऱ्या बाईच्या घरात ठेवलंय माझ्या लेकीला, हे सगळीकडे सांगेन." फाटकाबाहेर शिंपीण मशीन थांबवून उभीच होती. सांगायला त्याला लांब जावं लागणार नव्हतं.

मनी दारातच होती. बाप वळणाआड गेला तरी ओठ तसेच वर. मग एकदम तिला ओकारी आली, नव्या फ्रॉकवर. मामीने तिचं तोंड धुतलं. संध्याकाळी मामीने नणंदेला फोन लावला आणि जे केलं होतं ते सगळं सांगितलं, गोठ्यातलं सोडून. "त्याला पुन्हा दारात उभा करू नकोस," पलीकडच्या मशीनांच्या आवाजातून एवढंच ऐकू आलं. तान्हीला मामीने दिवसभर कडेवरून खाली उतरवलं नव्हतं. संशय गेला असं नव्हतं. संशय होताच; फक्त आता तो घेऊन राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिने मनीला स्वतः उठवलं. गोठ्यात नेलं. "उजवीकडून जायचं नाही," ती म्हणाली. "समोरून जायचं. आधी हाक मारायची, मग हात लावायचा. मानेला. कासेला नाही." मनीने हात लावला तशी बांडीची कातडी थरथरली. "राहू दे तसाच. काढू नकोस. दाबूही नकोस." दोघी उभ्या राहिल्या. बांडीने दूध सोडलं नाही. बादलीचं बूड जेमतेम झाकलं. मामीने ते किटलीत ओतलं, तान्हीला कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने मनीला धरलं आणि डेअरीवर गेली.

रांगेतलं बोलणं तिला बघून बंद पडलं. कोणी हसलं नाही. पुढच्या बाईने आपल्या पोराला नकळत दुसऱ्या बाजूला घेतलं. डेअरीवाल्याने किटली हातात घेतली, हलवली, आणि नेहमीची चेष्टा न करता म्हणाला, "वहिनी, मुक्या जनावराला असं मारावं?"

मामीने खाली पाहिलं.

"मामीने नाही मारलं," मनी म्हणाली.

आवाज बारीक होता, पण रांगेत सगळ्यांना ऐकू गेला. शाळेत, गल्लीत, कुणीही त्या पोरीचा आवाज आजवर ऐकला नव्हता.

"मग कोणी मारलं गं?" डेअरीवाला तिच्याकडे वाकला.

मामीच्या हातातला हात ओला झाला, ताठ झाला. तिथे सांगावं की नाही, हे त्या हाताला ठरवता येत नव्हतं. मामीने तो सोडला नाही.

"तू दूध ओत," ती डेअरीवाल्याला म्हणाली. "बाकीचं आमचं आम्ही बघू."

त्याने दूध ओतलं. थोडंसंच होतं, लगेच संपलं. किटली परत घेऊन मामी रांगेच्या कडेकडेने परत निघाली, सगळ्यांच्या समोरून, पोरीच्या चालीने.